सेप्सिसमध्ये हृदय का थकतं, आणि त्यावर काय करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस लागून शेतात लावणी सुरू झाली की माझ्या फोनवर इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टांचे फोटो यायला लागतात. ताप लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) किंवा इन्फेक्शन लघवीचं, आणि रिपोर्टवर मात्र हृदयाचं पंपिंग निम्म्यावर आलेलं. पाठवणारा गोव्यातल्या पेडण्याचा असो की काणकोणचा, प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. तुमच्या रुग्णाचा डोस मात्र इथून ठरवू नका, तो खाटेजवळ उभा असलेला डॉक्टरच ठरवेल.

१. सेप्सिस म्हणजे रक्तात जंतू होणं, बरोबर ना?

पूर्ण बरोबर नाही. कित्येक रुग्णांच्या रक्ताच्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, तरी त्यांना सेप्सिस असतो. इन्फेक्शनशी लढताना शरीराचा प्रतिकार ताळ्यावर राहत नाही आणि आपल्याच अवयवांना इजा करू लागतो, त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली ठरलेली व्याख्या हीच सांगते. 'सिव्हिअर सेप्सिस' हा शब्दही तेव्हाच बाद झाला, कारण अवयव बिघडल्याशिवाय आता सेप्सिस म्हणतच नाहीत. पुरेसं सलाईन देऊनही रक्तदाब टिकवायला औषध लागतं आणि रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढणारं आम्ल) २ च्या वर राहतं, तेव्हा तो सेप्टिक शॉक. शॉकमध्ये गेलेल्या दर दहा रुग्णांपैकी चारएक दगावतात. हे सांगताना आवाज खाली येतो, पण लपवण्यात अर्थ नाही.

२. आपल्या भागात हे कशातून होतं?

सगळ्यात जास्त वेळा साध्याच ठिकाणांहून: न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पित्ताशय, पोटातला पू, मधुमेही माणसाच्या पायाची जखम. त्यात पावसाळ्यात लेप्टो आणि स्क्रब टायफसची भर पडते. लेप्टोचे जंतू उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मुतातून पाण्या-चिखलात येतात आणि पायाच्या भेगांतून आत शिरतात. स्क्रब टायफस होतो झुडपांत राहणाऱ्या बारीक किड्याच्या चाव्यातून. आणखी एक नाव फारसं कुणाच्या कानावर नसतं, मेलिओइडोसिस. मातीतला हा जंतू पश्चिम किनारपट्टीवर सापडतो आणि मधुमेह्यांना विशेष धरतो. हृदयाच्या दृष्टीने लेप्टो आणि स्क्रब का वेगळे, ते प्रश्न १४ मध्ये आहे.

३. घरी कसं ओळखायचं? किती वाट बघायची?

तापाच्या आकड्यावर जाऊ नका. म्हाताऱ्या माणसाला सेप्सिसमध्ये ताप नसतोही, उलट अंग गार पडतं. बघायचं ते असं: श्वास जलद चाललाय का, माणूस असंबद्ध बोलतोय किंवा नुसता झोपून राहतोय का, दिवसभरात लघवी किती झाली, हातपाय गार आणि गुडघ्यांवर निळसर जाळी आल्यासारखं दिसतंय का. इन्फेक्शनची शंका आणि यातलं एक जरी असलं तरी सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा. जवळच्या आरोग्य केंद्रात पहिली अँटिबायोटिक आणि सलाईन सुरू करून मग म्हापसा, मडगाव किंवा बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवणं हे बऱ्याचदा थेट तासाभराचा प्रवास करण्यापेक्षा बरं. "पेज प्यायला की बरं वाटेल" म्हणून एक रात्र काढलेले रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत. निघताना जुने रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि दीन दयाळ या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड एका पिशवीत घ्या.

४. इन्फेक्शन लघवीत होतं. मग हृदय कसं काय बिघडलं? जंतू हृदयात गेले का?

सहसा नाही. जंतू मूत्रपिंडातच असतात, पण त्यांच्याविरुद्ध शरीराने सोडलेली रसायनं रक्तातून सगळीकडे फिरतात. ती हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचली की तीन-चार गोष्टी एकदम होतात. स्नायूच्या पेशींत नायट्रिक ऑक्साइड वाढतं आणि आकुंचनाचा जोर घटतो. आकुंचनासाठी पेशीत कॅल्शियमची जी ये-जा लागते ती विस्कळीत होते. पेशीतलं ऊर्जेचं यंत्र, म्हणजे मायटोकाँड्रिया, ऑक्सिजन हाताशी असूनही नीट वापरू शकत नाही. आणि शरीर स्वतःच अॅड्रेनलिनचा एवढा मारा करतं की त्याला प्रतिसाद देणारे हृदयावरचे ग्राहक (रिसेप्टर) बधिर होऊन जातात.

ध्यानात ठेवण्यासारखं हे, की एवढं होऊनही पेशी फारशा मरत नाहीत. सेप्सिसने गेलेल्यांच्या शवविच्छेदनात हृदयाच्या स्नायूत मेलेल्या पेशी अगदी थोड्या सापडतात. कुळागरातला पंप आठवा. व्होल्टेज पडलं की मोटर गुणगुणत राहते, पाणी वर चढत नाही, पण मोटर जळलेली नसते. व्होल्टेज आलं की तीच मोटर चालते. सेप्सिसमधलं हृदय बहुतेक वेळा असं असतं.

जंतू खरोखरच हृदयात जाऊन बसतात तो प्रकार निराळा, तो प्रश्न १५ मध्ये.

५. रिपोर्टवर 'ईएफ ३०' लिहिलंय आणि ट्रोपोनिन वाढलंय. म्हणजे हार्ट अटॅकच ना? अँजिओग्राफी का करत नाहीत?

ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर गेलं तो आकडा. निरोगी माणसातही तो १०० नसतो, ५५ ते ७० च्या आसपास असतो. त्यामुळे ३० म्हणजे "७० टक्के हृदय गेलं" असं नव्हे.

ट्रोपोनिन हृदयाच्या पेशींना ताण किंवा इजा झाली की रक्तात येतं. सेप्सिसच्या बऱ्याच रुग्णांत ते वाढतं, रक्तवाहिनी बंद नसतानाही. १९८० च्या दशकात शॉकमधल्या रुग्णांच्या हृदयाचा रक्तपुरवठा थेट मोजला गेला, तेव्हा तो कमी झालेला आढळला नाही. मुळात अडथळाच नसेल तर अँजिओग्राफीत सापडणार काय? उलट तिच्यातल्या डायने आधीच थकलेल्या किडनीवर बोजा पडतो.

पण इथे अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. सेप्सिस चालू असताना खरा अटॅकही येऊ शकतो, विशेषतः ज्याला आधीच ब्लॉकेज आहे त्याला. ईसीजीत एका विशिष्ट भागात ठळक बदल, इकोत हृदयाचा एकच भाग हलत नसणं, ट्रोपोनिन वेगाने चढत जाणं, छातीत दुखणं, यातलं काही असेल तर हृदयरोगतज्ज्ञ वेगळा विचार करतात. म्हणून "अँजिओग्राफी करा" असा हट्ट धरण्यापेक्षा "सगळं हृदय सारखंच मंद आहे की एकच भाग?" असं विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरात बरंच काही कळतं.

६. दाखल केलं तेव्हा पंपिंग ६० होतं, तिसऱ्या दिवशी ३५. हॉस्पिटलात काही चुकलं का?

बहुधा नाही. हा प्रश्न रागाने येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सेप्टिक शॉकमध्ये शरीरभरच्या रक्तवाहिन्या सैल पडतात. हृदयाला रक्त ढकलताना समोरून विरोधच होत नाही. मोकळ्या पाटात पाणी सोडणारा पंप दणकट वाटतो, तोच टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायला लावला की त्याचा खरा जोर कळतो. पहिल्या दिवशीचे ६० हे मोकळ्या पाटाचे असतात. औषधांनी रक्तवाहिन्या पुन्हा आवळल्या, रक्तदाब आला, की हृदयासमोर टाकी उभी राहते आणि आधीपासूनच असलेला अशक्तपणा इकोत उघडा पडतो.

याचा एक चक्रावणारा पुरावा आहे. १९८४ साली अमेरिकेत मार्गारेट पार्कर, जोसेफ पॅरिलो आणि सहकाऱ्यांनी सेप्टिक शॉकच्या २० रुग्णांची हृदयं रोज मोजली. वाचलेल्या १३ जणांचं ईएफ सुरुवातीला सरासरी ३२ पर्यंत उतरलं होतं आणि त्यांची हृदयं फुगली होती. जे गेले त्यांचं ईएफ मात्र चांगलं दिसत होतं. अभ्यास छोटा होता, त्यावरून "कमी ईएफ चांगलं" असा नियम कोणी काढू नये. पण "६० आहे म्हणजे निर्धास्त" हेही खरं नाही. आता नुसत्या ईएफवर न थांबता हृदय नीट सैलावून भरतंय का, उजवा कप्पा कसा आहे, स्नायूचे धागे किती आखडतात हेही बघतात. भरण्यातला दोष असलेले रुग्ण जास्त धोक्यात असतात, हे पुढच्या अभ्यासांतही दिसलं आहे.

७. पंपिंग पुन्हा पहिल्यासारखं होतं का?

वाचलेल्या बहुतेकांचं होतं. साधारण ७ ते १० दिवसांत आकडा वर येताना दिसतो, काहींना आठवडे लागतात. महिन्या-दोन महिन्यांनीही तो खालीच राहिला तर दुसरं कारण शोधावं लागतं: जुना न कळलेला हृदयविकार, ब्लॉकेज, किंवा स्नायूला आलेली खरी सूज.

८. मग हृदयासाठी नेमकं औषध कोणतं?

सेप्सिसने थकलेल्या हृदयावर वेगळं असं जादूचं औषध नाही, त्याचा मुख्य इलाज इन्फेक्शन मोडणं. शॉक असेल तर पहिली अँटिबायोटिक तासाभरात जायला हवी, त्याआधी कल्चरसाठी रक्त काढायचं, पण कल्चरसाठी औषध अडवून धरायचं नाही. आणि पू असेल तिथून तो काढायचा. मूतखड्याने अडलेल्या किडनीत स्टेंट घालणं, पायातला पू मोकळा करणं, सडलेलं पित्ताशय रिकामं करणं. "हृदय इतकं वीक असताना ऑपरेशन कशाला?" असं नातेवाईक विचारतात. हृदय वीक आहे ते त्या पुवामुळेच, म्हणून.

तोवर हृदय आणि रक्तदाब तोलून धरायला जे देतात ते पुढच्या तीन उत्तरांत आहे. रक्तदाबाचं औषध वाढतच चाललं तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड दिवसाला २०० मिलिग्रॅम देतात. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, पण थोड्या दिवसांचा हा डोस शॉक लवकर ओसरायला मदत करतो. साखर मात्र वाढते. व्हिटॅमिन सी शिरेतून देण्याचा गाजावाजा काही वर्षं झाला. २०२२ च्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांची अवस्था उलट वाईट निघाली, तेव्हा त्याची मागणी करू नका.

९. एक डॉक्टर म्हणतात दोन लिटर सलाईन द्या, दुसरे म्हणतात हृदय वीक आहे, पाणी नको. खरं कोण?

दोघंही, वेगवेगळ्या तासाला. सुरुवातीला रक्तवाहिन्या सैल असतात आणि पाणी त्यांतून बाहेर झिरपतं, तेव्हा हृदयापर्यंत भरायला रक्तच कमी येतं. म्हणून पहिल्या तीन तासांत वजनाच्या दर किलोमागे ३० मिलिलिटर हा ढोबळ आकडा आहे. ६० किलोच्या माणसाला सुमारे १.८ लिटर. पंपिंग कमी आहे म्हणून हे पहिलं सलाईन सरसकट नाकारणं चूक. मात्र अशा रुग्णाला ते थोडं थोडं देऊन प्रत्येक वेळी तपासतात: पाय वर उचलल्यावर हृदयातून निघणारं रक्त वाढतं का, फुप्फुसांत पाणी दिसतंय का, नख दाबून सोडल्यावर तीन सेकंदांत रंग परत येतो का.

त्यानंतर जास्तीचं सलाईन उपयोगाचं राहत नाही. २०२२ आणि २०२३ मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत हात आखडून सलाईन देणं आणि सढळ देणं यांत मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. डेंग्यूच्या शॉकमध्ये हिशेब निराळा असतो, तिथे हा नियम लावू नका.

१०. 'बीपीचं इंजेक्शन' लावल्यावर सासऱ्यांची बोटं काळी पडली. ते औषध विषारी आहे का?

ते बहुधा नॉरअॅड्रेनलिन. सेप्टिक शॉकमध्ये पहिली निवड तीच, आणि सरासरी दाब (बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांवरून काढलेला) ६५ च्या वर ठेवणं हे ध्येय. कमी पडलं तर त्याला व्हॅसोप्रेसिन जोडतात. बोटं काळी पडण्यात औषधाचा वाटा असतो, पण एकट्याचा नाही. शॉकमध्ये रक्त आधीच बोटांपर्यंत पोचत नसतं आणि बारीक वाहिन्यांत गुठळ्या झालेल्या असतात. औषध बंद केलं तर मेंदू आणि किडनीचं रक्त तुटतं. डॉक्टर शक्य तितक्या कमी डोसवर यायचा प्रयत्न करत असतात. तुम्ही सिरिंज पंपावरचा आकडा रोज विचारून लिहून ठेवा. तो उतरतोय की चढतोय, यातून इकोपेक्षा लवकर अंदाज येतो.

११. हृदयाला जोर देणारं औषध का लावत नाहीत? कुणी लेवोसिमेंडान चांगलं म्हणतं.

पुरेसं सलाईन झालं, रक्तदाब सावरला, तरी लघवी होत नाही, लॅक्टेट उतरत नाही आणि इकोत पंपिंग मंद आहे, अशा वेळी नॉरअॅड्रेनलिनला डोब्युटामिन जोडतात किंवा त्याऐवजी अॅड्रेनलिन वापरतात. नुसता ईएफचा आकडा सुधारण्यासाठी नाही. या औषधांनी ठोके वाढतात, लय बिघडू शकते आणि थकलेल्या स्नायूला जास्त ऑक्सिजन लागतो. थकलेल्या बैलाला चाबूक मारण्यासारखंच ते, दोन पावलांपुरतं ठीक. लेवोसिमेंडान महाग आहे आणि कागदावर छान दिसतं. पण २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून सेप्सिससाठी ते सुचवत नाहीत. उसने पैसे काढून बाहेरून आणू नका.

१२. आईचं हृदय १४० ने धावतंय. ठोके कमी करायची गोळी का देत नाहीत?

थकलेलं हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं, मग ठोके वाढवून भरपाई करतं. ती भरपाई गोळीने काढून घेतली तर दाब कोसळू शकतो. २०१३ मध्ये इटलीतल्या एका केंद्रात एस्मोलॉल या ठोके कमी करणाऱ्या औषधाने चांगले निकाल मिळाले होते आणि सगळ्यांना आशा वाटली. त्याच जातीच्या लँडिओलॉलची ब्रिटनमधली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. ती अपाय होत असल्याच्या शंकेने आधीच थांबवावी लागली होती. त्यामुळे आधी ताप, वेदना, कमी पाणी, रक्तक्षय ही कारणं बघतात.

१३. ठोके एकदम अनियमित झाले, 'एएफ' म्हणाले. आधी कधीच नव्हतं. आता आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी?

लगेच तसं ठरत नाही. एएफ म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय सुटून ठोके अनियमित होणं. सेप्सिसमध्ये ते पहिल्यांदाच होणं नेहमीचं आहे. पोटॅशियम-मॅग्नेशियम भरून काढतात, अॅड्रेनलिनसारखी औषधं शक्य तितकी उतरवतात, गरजेप्रमाणे अॅमिओडॅरोन देतात. त्या लयीमुळेच दाब पडत असेल तर विजेचा झटका. इन्फेक्शन ओसरलं की बऱ्याच जणांची लय जागेवर येते. पक्षाघाताचा धोका मात्र वाढलेला असतो आणि पुढच्या काही वर्षांत एएफ परतूही शकतो. आयसीयूत प्लेटलेट कमी असताना रक्त पातळ करणंही धोक्याचं. म्हणून हा निर्णय बहुधा घरी जाताना किंवा त्यानंतरच्या भेटीत वय, बीपी, मधुमेह बघून होतो. तो विसरला जाऊ नये एवढं तुम्ही बघा, कारण डिस्चार्ज कार्डावर दोन अक्षरांचा 'एएफ' सहज हरवतो.

१४. लेप्टो किंवा स्क्रब टायफसमध्ये हृदयाचं काही वेगळं असतं का?

हो. प्रश्न ४ मधला थकवा तर असतोच, शिवाय या दोन्हींत हृदयाच्या स्नायूला थेट सूज येऊ शकते. लेप्टोत लय बिघडणं, ठोके फार मंद होणं हेही दिसतं, म्हणून मॉनिटर लावलेला असतो. लेप्टोत कावीळ, किडनी बंद पडणं आणि फुप्फुसांत रक्तस्राव एकत्र आले तर नुसत्या हृदयावर बोट ठेवता येत नाही.

स्क्रबची गोष्ट जास्त महत्त्वाची. आयसीयूत सहसा सुरू होणारी पेनिसिलीन-सेफॅलोस्पोरिन कुळातली भारी अँटिबायोटिक त्या जंतूवर चालतच नाहीत. त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा अॅझिथ्रोमायसिन लागतं. काजूच्या बागायतीत, रानात, गवत कापायला माणूस गेला होता का, ते डॉक्टरांना न विचारता सांगा. आणि काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग आहे का बघा. तो दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतः सांगत नाही. आंघोळ घालणाऱ्या बायकोने किंवा मुलीने तो डाग दाखवला आणि औषध बदललं, असं खरोखर घडतं.

१५. आमच्यांना 'व्हॉल्व्हवर जंतू' सांगितलंय. तेही हेच का?

नाही, तो एंडोकार्डायटिस. तिथे जंतू झडपेवर गाठ करून बसतात. सेप्सिसमुळे थकलेलं हृदय इन्फेक्शन ओसरलं की बहुधा सावरतं, फाटलेली झडप सावरत नाही. अँटिबायोटिक साधारण चार ते सहा आठवडे शिरेतून द्यावी लागते, कधी ऑपरेशन लागतं. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेले, कृत्रिम झडप बसवलेले, डायलिसिसवरचे यांना धोका जास्त. साध्या इकोत गाठ दिसली नाही तरी शंका असेल तर अन्ननलिकेतून इको करतात.

१६. आधीच बायपास झालाय, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत. त्या आयसीयूत बंद का केल्या?

शॉकमध्ये बीपीच्या गोळ्या थांबवाव्याच लागतात. मेटफॉर्मिन लॅक्टेटमुळे आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या रक्तात आम्ल वाढण्याच्या भीतीने थांबवतात, साखर इन्सुलिनवर सांभाळतात. अॅस्पिरिनचं प्लेटलेटवर अवलंबून. गेल्या वर्षभरात स्टेंट बसवला असेल तर तारखेसकट सांगा, तिथे गोळी बंद करणं हा वेगळा जोखमीचा निर्णय असतो.

१७. एक्मो लावता येईल का? मुंबईला हलवू का?

एक्मो म्हणजे शरीराबाहेरचं यंत्र काही दिवस हृदय-फुप्फुसांचं काम करतं. २०२० मध्ये अनेक देशांतल्या केंद्रांची आकडेवारी आली. हृदय अगदीच बंद पडत आलेल्या, सरासरी ईएफ १७ असलेल्या सेप्टिक शॉकच्या रुग्णांत एक्मो लावलेले ९० दिवसांनी ६० टक्के जिवंत होते, न लावलेले २५ टक्के. पण कुणाला एक्मो लावायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेली ती चाचणी नव्हती, आणि केंद्रं सरावलेली होती. रुग्ण तरुण आहे, इन्फेक्शन ताब्यात येण्यासारखं आहे आणि मुख्य बिघाड हृदयाचाच आहे, अशा मोजक्यांसाठी हा विचार. रक्तवाहिन्याच सैल असतील तर एक्मो फारसं कामाचं नाही. आणि दोन-तीन औषधांवर दाब टिकवलेल्या माणसाला घाटातून रुग्णवाहिकेत दहा-बारा तास नेणं हे स्वतःच जिवावरचं असतं. आधी तिकडच्या टीमशी तुमच्या डॉक्टरांना फोनवर बोलू द्या, मग गाडी ठरवा.

१८. घरी आणलं. आता हृदयासाठी काय बघायचं?

पंपिंग कमी झालं होतं तर चार-सहा आठवड्यांनी इको आणि ईसीजी पुन्हा. पंपिंग वर आलं नसेल तर हार्ट फेल्युअरच्या गोळ्या हळूहळू सुरू होतात. प्रश्न १६ मधल्या थांबवलेल्या गोळ्या कोणत्या, कधी परत घ्यायच्या ते लेखी मागा. सेप्सिसनंतर पुढची काही वर्षं अटॅक, पक्षाघात आणि हार्ट फेल्युअर यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त राहतं, म्हणून बीपी, साखर, कोलेस्टेरॉल यांत ढिलाई नको. जिना चढताना लागणारा दम दर वेळी हृदयाचाच नसतो, आयसीयूत अंगावरचं मांस झडलेलं असतं. रोज अंगणात थोडं चालणं आणि मासळी-अंडी-कडधान्य पोटात जाणं याने तो महिन्या-दोन महिन्यांत कमी होतो. पाय सुजले, आडवं झाल्यावर धाप लागली किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर तारखेची वाट न बघता दाखवा.

१९. चवथीपर्यंत बाबा पुन्हा शेतात उतरू शकतील का? लेप्टो परत होईल का?

लेप्टोचे प्रकार अनेक आहेत, एकदा झाला म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. इको नीट आला असेल, अर्धा तास सपाटीवर न थांबता चालता येत असेल, तर हलक्या कामापासून सुरुवात करायला हरकत नसते. पायात गमबूट, हातात मोजे, भेगांवर चिखल न लागेल अशी पट्टी. शेतातून आल्यावर साबणाने पाय धुणं. चिखलात रोज काम असेल त्या आठवड्यांत डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा देण्याची पद्धत आहे, पण ती आरोग्य केंद्रात विचारूनच घ्यायची. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ती परस्पर घेऊ नये.